ठिपकेदार पानांचे अनोळखी झाड कोणते, आणि त्याची पाने पिवळी का पडत आहेत?

आपण घोडबंदर रस्त्यालगत कोलशेतला, अकराव्या मजल्यावरच्या घरात एप्रिलमध्ये राहायला आलात आणि आधीच्या भाडेकरूंनी हॉलच्या कोपऱ्यात सोडून दिलेली एक कुंडी आपल्याकडे आली. झाड साडेतीन फूट उंच आहे, पाने जवळजवळ हातभर लांब आहेत, पानांच्या मधोमध पिवळसर पांढरे शिंतोडे असून कडा हिरव्या आहेत, खोड अंगठ्याहून जाड आहे आणि त्यावर बांगड्यांसारख्या खुणा आहेत, असे आपण लिहिले आहे. छायाचित्र पाहून नर्सरीतल्या माणसाने ‘अ‍ॅग्लोनेमा’ सांगितले, मोबाइलवरच्या अ‍ॅपने तीन वेळा तीन नावे दिली. जूनच्या मध्यापासून खालची पाने एकेक करून पिवळी पडून लोंबू लागली आहेत, सकाळी पानांच्या टोकांवरून पाण्याचे थेंब पडतात, आणि घरात दोन वर्षांची मुलगी व एक मांजर आहे. झाडाचे नाव काय, त्याला काय झाले आहे आणि ते घरात ठेवावे का, हे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

आपले झाड डिफेनबॅकिया आहे. गेली चोवीस वर्षे मी ठाण्यात घरांतील आणि वागळे इस्टेटमधील कार्यालयांतील कुंड्यांची देखभाल करते, आणि या वर्णनावरून मला या नावाविषयी फारशी शंका वाटत नाही. तरीही माझ्या शब्दावर विसंबून राहू नका. घरातल्या घरात पाच मिनिटांत करता येईल अशी पडताळणी खाली देत आहे, कारण या झाडाच्या बाबतीत नाव चुकले तर पाण्याचे गणित तर चुकतेच, शिवाय लहान मुलाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न उभा राहतो.

ओळख पटवताना पानावरच्या नक्षीला सर्वांत शेवटी विचारात घ्यावे. नर्सरीत आणि अ‍ॅपमध्ये गोंधळ होतो तो नेमका नक्षीमुळेच. हिरव्यावर पांढरे शिंतोडे डिफेनबॅकियावर असतात, अ‍ॅग्लोनेमावर असतात, कॅलेडियमवर असतात, ड्रेसिनाच्या काही जातींवरही असतात, आणि माणसाने निवड करून वाढवलेल्या वाणांत ही नक्षी हवी तशी बदलत गेलेली आहे. खोड, देठ, शिरांची रचना आणि पान खोडाला कसे जोडलेले आहे या गोष्टी मात्र वाणागणिक सहसा बदलत नाहीत. म्हणून आधी खोड पाहावे. आपण सांगितलेल्या बांगड्यांसारख्या खुणा म्हणजे गळून गेलेल्या पानांचे व्रण होत. उसाच्या पेरांची आठवण करून देणारे असे जाड, मांसल, सरळ उभे खोड आणि त्याच्या शेंड्याकडे पानांचा झुबका, हा डिफेनबॅकियाचा बांधा आहे. अ‍ॅग्लोनेमाचे खोड सहसा बोटाएवढे किंवा त्याहून बारीक असते, ते बुडाशी अनेक फुटवे काढून झुडपासारखे पसरते, आणि साडेतीन फूट उंचीचे, एकाच सोटाचे अ‍ॅग्लोनेमा घरात मी क्वचितच पाहिले आहे. त्याची पानेही साधारण वीतभर ते दीड वीत असतात, हातभर नाहीत.

त्यानंतर देठ पाहावा. डिफेनबॅकियाच्या देठाचा खालचा भाग पन्हळीसारखा उघडा असून तो खोडाला कवेत घेतो, आणि नवे पान त्या पन्हळीतूनच सुरळी होऊन वर येते. मग पान उलटे करून मधल्या शिरेवरून बोट फिरवावे. ही शीर रुंद असून पानाच्या मागल्या बाजूला ठसठशीत लागते, आणि तिच्यापासून निघालेल्या बाजूच्या शिरा कमानीसारख्या वळत कडेकडे जातात. शिरा पानाच्या लांबीबरोबर समांतर धावत असतील आणि पानाला देठच नसेल तर झाड ड्रेसिना आहे असे समजावे. देठ पानाच्या कडेला न जुळता पानाच्या पाठीवर मध्येच जुळत असेल आणि हिवाळ्यात सगळी पाने झोपून फक्त कंद उरत असेल तर ते कॅलेडियम असते. पान आणि देठ यांच्या सांध्यावर गुडघ्यासारखी फुगीर गाठ असेल आणि पाने संध्याकाळी वर उचलली जात असतील तर ते कॅलाथियाच्या गोतातले असते. आपल्या झाडाला यांपैकी काही लागू होत नाही. ही पाहणी करताना पान तोडू नये, नख लावू नये, चीक काढून पाहू नये. कारण पुढे येईलच.

अ‍ॅपची तीन उत्तरे का आली, याचेही कारण आपल्या छायाचित्रांतच असावे. सर्वसाधारणपणे आपण सर्वांत सुंदर पानाचे जवळून छायाचित्र काढतो, त्यामुळे अ‍ॅपपुढे नक्षीशिवाय दुसरा पुरावाच उरत नाही. पुढच्या वेळी एक छायाचित्र कुंडीसकट पूर्ण झाडाचे, दुसरे खोडाच्या तळाचे, तिसरे पान खोडाला जुळते त्या जागेचे आणि चौथे पानाच्या मागल्या बाजूचे घ्यावे. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढलेल्या अशा चार छायाचित्रांवरून अ‍ॅपच काय, कोणताही जाणता माळी बरोबर उत्तर देईल.

या प्रजातीचे शास्त्रीय नाव डिफेनबॅकिया सेग्विनी असे असून तिचे मूळ घर वेस्ट इंडिज आणि अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील दमट जंगलांत आहे. उंच झाडांच्या सावलीत, गळलेल्या पानांच्या भुसभुशीत थरात ती वाढते. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातील उद्यानाचे माळी योझेफ डिफेनबाख यांच्या सन्मानार्थ हाइनरिश शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव १८२९ मध्ये दिले. एका माळ्याचे नाव झाडाला मिळाले याचे मला आजही अप्रूप वाटते. बाजारात हिचे अनेक वाण मिळतात. पानाचा मधला बहुतेक भाग फिका पिवळा आणि फक्त कड हिरवी असेल तर तो ‘कॅमिल’ असण्याची शक्यता असते. ‘ट्रॉपिक स्नो’ हा वाण उंच वाढतो, त्याची पाने मोठी असतात आणि शिंतोडे शिरांच्या बाजूने पसरलेले असतात. आपल्या झाडाची उंची आणि पानांची लांबी पाहता दुसरी शक्यता अधिक वाटते, परंतु देखभालीच्या दृष्टीने वाणाने काही फरक पडत नाही.

खरी महत्त्वाची गोष्ट आहे ती कुळाची. डिफेनबॅकिया हे सुरण कुलातले झाड आहे, म्हणजेच आपल्या अळूचे, सुरणाचे आणि शेवळ या पावसाळी रानभाजीचे नातलग आहे. पावसाच्या तोंडावर जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात आणि त्यांच्याकडेच काकड या आंबट रानफळांचे वाटेही असतात, कारण काकडांशिवाय शेवळाची भाजी केली तर घसा खवखवतो हे ठाणे-रायगडच्या घराघरांत ठाऊक आहे. अळूच्या फदफद्यात आपण चिंच किंवा आमसूल घालतो तेही त्यासाठीच. ही खाज ज्यामुळे सुटते ते कॅल्शियम ऑक्झॅलेटचे, डोळ्यांना न दिसणारे सुईसारखे स्फटिक डिफेनबॅकियाच्या पानांत, देठांत आणि खोडात असतात. झाडाच्या विशिष्ट पेशींत या सुयांचे जुडगे भरलेले असते, आणि पान चावले किंवा चिरडले की ते बाहेर फेकले जाऊन जिभेच्या, गालांच्या आणि घशाच्या नाजूक त्वचेत रुततात. ताबडतोब आग होते, लाळ सुटते, ओठ आणि जीभ सुजते, आणि काही वेळा माणसाला काही काळ बोलताही येत नाही. म्हणूनच इंग्रजीत या झाडाला मुक्याचा सोटा अशा अर्थाचे नाव पडले. वेस्ट इंडिजमधील मळ्यांवर गुलामांना शिक्षा म्हणून या झाडाचा वापर केला जात असे, ही या झाडाच्या इतिहासातील अतिशय वेदनादायक बाब आहे.

या झाडाविषयी मोबाइलवर फिरणारा एक संदेश आपल्यापर्यंतही कदाचित पोहोचला असेल. त्यात पान तोंडात घातल्यास मूल एका मिनिटात दगावते, नुसता हात लावल्यास माणूस आंधळा होतो, असे लिहिलेले असते. तसे होत नाही. बहुतेक वेळा पहिल्या चाव्यालाच इतकी आग होते की मूल पान थुंकून टाकते, आणि त्रास काही तासांत ते काही दिवसांत उतरतो. निरोगी पानाला नुसता हात लागल्याने काही होत नाही. मात्र सूज घशाकडे वाढून श्वासाला अडथळा येण्याची शक्यता लहान मुलांच्या बाबतीत नाकारता येत नाही, म्हणून ही गोष्ट हलक्यानेही घेऊ नये. मुलीने पान चावलेच तर तोंडातले तुकडे ओल्या स्वच्छ कापडाने पुसून काढावेत, चूळ भरता येत असेल तर भरवावी, थंड पाणी किंवा थंड दूध घोटघोट द्यावे, उलटी करवू नये, आणि पानाचा तुकडा पिशवीत घालून सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. आवाज घोगरा होणे, गिळता न येणे किंवा श्वास घरघरणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. डोळ्यात चीक गेल्यास डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धरावा आणि नंतर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका अनुभवी माळ्याने भर पावसाळ्यात हातमोजे न घालता हे झाड छाटले आणि घाम पुसण्यासाठी हात डोळ्यावरून फिरवला. त्यानंतर दोन दिवस त्याला उजेडाकडे पाहवत नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे या कामाला हातमोज्यांशिवाय कोणीही हात घालत नाही.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी म्हणूनच स्पष्टपणे देते. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल आणि पाने कुरतडणारे मांजर असलेल्या घरात हे झाड जमिनीवर ठेवू नये. साडेतीन फूट उंच आणि जड कुंडी टेबलावर किंवा स्टँडवर चढवणे हाही उपाय नव्हे, कारण ती ओढली गेली तर दुसराच अपघात होईल. बंद राहणारी आणि पुरेसा उजेड असलेली एखादी खोली आपल्याकडे असेल तर तिथे ते ठेवावे. नसेल तर लहान मूल नसलेल्या नातेवाइकांकडे दोन-तीन वर्षांसाठी सोपवावे. इमारतीच्या तळमजल्यावरील प्रवेशद्वाराजवळ ठेवण्याचा मोह होईल, परंतु तिथे सबंध इमारतीची मुले खेळतात. आणि त्याच्या जागी मनी प्लांट आणला म्हणजे प्रश्न सुटला असेही समजू नये. मनी प्लांट, अ‍ॅग्लोनेमा, सिंगोनियम, पीस लिली, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा आणि हल्ली कार्यालयांत सर्रास दिसणारे झीझी हे सगळे याच कुलातले असून त्या सर्वांत कमीअधिक प्रमाणात तेच स्फटिक असतात. मुलगी मोठी होईपर्यंत हिरवळ हवी असेल तर अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, पेपरोमिया आणि कॅलाथिया ही झाडे मुलांच्या आणि मांजराच्या दृष्टीने निर्धोक मानली जातात, आणि ठाण्याच्या दमट हवेत ती चांगली वाढतात.

आता पानांकडे वळू. थेंबांची भीती मनातून काढून टाकावी. रात्री पानांतून होणारे बाष्पीभवन मंदावते, मुळे मात्र ओल्या मातीतून पाणी ओढतच राहतात, आणि ते जास्तीचे पाणी पानाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म रंध्रांतून बाहेर येते. परसात अळू असेल तर भल्या सकाळी त्याच्या पानांच्या टोकांवरही असेच थेंब दिसतात. हे विष टपकणे नव्हे. मुलीच्या किंवा मांजराच्या तोंडात जाऊ नये म्हणून फरशी पुसून घ्यावी, एवढे पुरे. परंतु हे थेंब एक गोष्ट सांगतात, आणि तीच आपल्या झाडाच्या आजाराची किल्ली आहे. कुंडीतली माती पाण्याने भरलेली आहे.

आपण लिहिले आहे की कुंडी पांढऱ्या चिनी मातीची, चकचकीत आहे, तिच्याखाली बशी नाही आणि तरीही फरशीवर कधी पाणी आले नाही. याचा अर्थ बाहेरच्या कुंडीला भोक नाही आणि आत नर्सरीची काळी प्लॅस्टिकची कुंडी तशीच बसवलेली आहे. दिलेल्या पाण्यातले वाहून जाणारे पाणी तळाशी साचते आणि आतली कुंडी महिनोन्‌महिने त्यात उभी राहते. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ्यामुळे आणि पंख्यांमुळे ते पाणी कसेबसे आटत राहिले, पण जूनमध्ये पावसाला सुरुवात झाली, हवेतील आर्द्रता वाढली, ढगांमुळे उजेड निम्म्याहून कमी झाला, झाडाची पाणी पिण्याची गती मंदावली, आणि आपण मात्र पूर्वीप्रमाणे दर दोन दिवसांनी पाणी देत राहिलात. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, त्यांच्यावर बुरशी चढते आणि ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी वर पोहोचवू शकत नाहीत, म्हणून माती ओली असतानाही पाने तहानल्यासारखी लोंबतात. पाने लोंबली म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. या एका चक्रामुळे ठाण्यात दर पावसाळ्यात जितकी घरातील झाडे दगावलेली मी पाहते तितकी किडीने किंवा उन्हाने दगावलेली पाहत नाही.

एखादे खालचे पान अधूनमधून पिवळे पडणे मात्र स्वाभाविक आहे. शेंड्यावर नवे पान उलगडले की तळचे सर्वांत जुने पान झाड सोडून देते, आणि खोडावरच्या त्या बांगड्या तशाच तयार झालेल्या असतात. दीड महिन्यात पाच-सहा पाने गेली आणि नवे एकही आले नाही, तर मात्र मुळांकडे लक्ष द्यायला हवे.

एखाद्या उघडिपीच्या दिवशी, मुलगी झोपलेली असताना, हातमोजे घालून जुने वर्तमानपत्र पसरावे आणि झाड कुंडीतून बाहेर काढावे. सर्वांत आधी खोड जमिनीलगत अंगठ्याने दाबून पाहावे. ते टणक असेल तर झाड वाचणार आहे. मग मुळांचा गोळा हलक्या हाताने मोकळा करावा. निरोगी मुळे पांढरट आणि कडक असतात, कुजलेली मुळे तपकिरी, बुळबुळीत असतात आणि ओढली की त्यांची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. त्यांना आंबूस वासही येतो. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कुजलेली सर्व मुळे कापून टाकावीत. गोळ्याच्या मध्यभागी चिकणमातीचा घट्ट गोळा सापडण्याची शक्यता आहे, कारण लांबच्या रोपवाटिकांतून येणारी बरीच झाडे वाहतुकीत हलू नयेत म्हणून अशा चिकट मातीत बांधलेली असतात, आणि स्थानिक विक्रेते ती तशीच मोठ्या कुंडीत बसवून देतात. बाहेरची माती कोरडी झाली तरी हा गोळा आत ओला राहतो. पाण्यात भिजवून तो जमेल तेवढा सोडवावा, मात्र त्यासाठी चांगली मुळे तोडू नयेत.

नव्या मातीविषयी माझे मत बऱ्याच नर्सरीवाल्यांपेक्षा वेगळे आहे. आपल्याकडे लाल माती आणि शेणखत हे सरसकट मिश्रण दिले जाते. अंगणातल्या जास्वंदीला ते चालते, परंतु अकराव्या मजल्यावरच्या घरात, जिथे ऊन आणि वारा दोन्ही बेताचे असतात, तिथे लाल माती दोन पावसाळ्यांत विटेसारखी आवळून बसते. या झाडासाठी दोन भाग भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेले गांडूळखत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिजकण) किंवा भाताचे तूस आणि एक भाग हरभऱ्याएवढे विटांचे किंवा कोळशाचे तुकडे असे मिश्रण करावे. कोकोपीट वापरण्याआधी दोन वेळा साध्या पाण्यात धुवावे, कारण त्यात बरेचदा क्षार असतात. मुळे छाटल्यामुळे झाडाला आधीपेक्षा लहान कुंडी लागेल, आणि मुळांच्या गोळ्याभोवती दोन बोटांहून जास्त जागा सुटणार नाही अशीच निवडावी. मोठ्या कुंडीतली मुळे नसलेली माती ओलीच राहते आणि तोच आजार पुन्हा उद्भवतो. तळाला भोके असलीच पाहिजेत. पांढरी चिनी मातीची कुंडी आवडत असेल तर तिच्या तळाशी वीट किंवा पालथी वाटी ठेवून आतली कुंडी उंचावर बसवावी, आणि पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने बाहेरच्या कुंडीतले साचलेले पाणी ओतून टाकावे.

खोड तळाशी मऊ लागले आणि दाबल्यावर पाणी सुटले, तर मुळे वाचवण्यात वेळ घालवू नये. टणक भाग जिथे सुरू होतो त्याच्या चार बोटे वर खोड आडवे कापावे आणि कापलेल्या जागी तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसले तर ते दिसेनासे होईपर्यंत आणखी वर कापत जावे. शेंड्याचा भाग तीन-चार पाने ठेवून एक दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मग ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये लावावा. उरलेल्या सोटाचे प्रत्येकी दोन-तीन डोळे असलेले तुकडे करून ते डोळा वर येईल असे आडवे, अर्धे मातीत दाबून ठेवावेत. ठाण्याचा पावसाळा, जो मोठ्या झाडाला जड जातो, तोच कलमांना मानवतो. हवेतल्या दमटपणामुळे तुकडे सुकत नाहीत आणि साधारण महिना-दीड महिन्यात फुटवे दिसू लागतात. झाड नातेवाइकांकडे द्यायचे ठरले तरी अशी दोन रोपे हाताशी असावीत.

पुनर्लागवडीनंतर एकदा पाणी देऊन झाड उजेडाच्या जागी ठेवावे आणि त्यानंतर आठवडाभर त्याच्याकडे नुसते पाहावे. खत अजिबात देऊ नये, कारण जखमी मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत. पाणी कधी द्यायचे हे वारावरून ठरवू नये. लाकडी काडी दोन इंच खोल खुपसून दहा मिनिटांनी काढावी. तिला माती चिकटली असेल आणि ती गार लागत असेल तर थांबावे, कोरडी निघाली तर खालच्या भोकांतून वाहेपर्यंत पाणी द्यावे. मी स्वतः कुंडी उचलून तिच्या वजनावरून ठरवते, आणि महिनाभरात आपल्या हातालाही ते वजन कळू लागेल. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये घरातल्या डिफेनबॅकियाला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरते, ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्च ते मेमध्ये तीन-चार दिवसांनी लागते, डिसेंबर-जानेवारीत पुन्हा आठवड्यावर जाते.

पाण्याच्या प्रतीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण आपण पानांच्या कडा तपकिरी होत असल्याचेही म्हटले आहे. महापालिकेचे नळाचे पाणी मृदू असते आणि झाडांना उत्तम चालते. घोडबंदर पट्ट्यातील अनेक इमारतींत मात्र टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी मिसळले जाते आणि त्यात क्षार जास्त असू शकतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी, जे अनेक गृहिणी काटकसरीच्या चांगल्या हेतूने बादलीत साठवून कुंड्यांना घालतात. यंत्राने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात साठलेले असतात. ते लादी पुसायला वापरावे, झाडांना देऊ नये. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खरपुडी दिसत असेल तर क्षार साठले आहेत असे समजून, मुळे सुधारल्यानंतर, महिन्यातून एकदा न्हाणीघरात नेऊन भरपूर साध्या पाण्याने माती धुऊन काढावी. पावसाचे पाणी पातेल्यात धरून ठेवता आले तर त्यासारखे दुसरे पाणी नाही.

आपला हॉल पश्चिमेकडे तोंड करून आहे. पावसाळ्यात झाड खिडकीपासून दोन फुटांवर असले तरी चालेल, उलट हव्या त्या उजेडासाठी ते तिथेच असावे. सकाळी अकराच्या सुमारास पानाच्या वीतभर वर तळहात धरावा. पानावर हाताची पुसट पण ओळखू येणारी सावली पडली तर उजेड पुरेसा आहे, सावली पडलीच नाही तर झाड अंधारात आहे आणि तिथे ते शिंतोडे गमावून एकसारखे हिरवे होत जाईल. ऑक्टोबरमध्ये मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो, ढग सरतात आणि दुपारचे तिरपे ऊन काचेतून थेट आत येते. त्या उन्हात पानांवर कागद जळल्यासारखे डाग पडतात. तेव्हा कुंडी पाच-सहा फूट आत घ्यावी किंवा पातळ पडदा लावावा. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट पानांवर पडू देऊ नये, त्यानेही कडा सुकतात. कुंडीला पंधरा दिवसांतून एकदा पाव वळसा द्यावा, म्हणजे झाड एका अंगाला झुकणार नाही.

कीड फारशी त्रास देत नाही. देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढावा. उन्हाळ्यात कोरड्या हवेत पानांच्या मागे बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी समजून पाने धुवावीत आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल व साबणाचे थोडे थेंब मिसळून दर आठवड्याला, तीन वेळा, संध्याकाळी फवारावे. मातीवर उडणारी चिलटे हे पाणी जास्त होत असल्याचेच लक्षण असते. पाने पंधरा दिवसांतून एकदा ओल्या मऊ कापडाने पुसावीत, कारण मोठ्या रस्त्यालगतच्या घरांत धुळीचा थर लवकर बसतो. चकाकीसाठी दूध किंवा खोबरेल तेल लावण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, त्यावर धूळ अधिक चिकटते.

खत नवी पाने येऊ लागल्यावरच सुरू करावे. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत महिन्यातून एकदा, किंवा दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत, एवढे घरातल्या झाडाला पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये आणि थंडीत दोन्ही बंद ठेवावे.

हे सगळे या आठवड्यात केले तरी पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती देठासकट काढून, पिशवीत बांधून, मांजराला सापडणार नाहीत अशी टाकावीत. पुढचे दोन-तीन आठवडे आणखी एखादे पान जाईल, त्याने घाबरू नये. शेंड्याच्या पन्हळीत नव्या पानाची फिकी सुरळी दिसू लागली की मुळे धरली असे समजावे. गणपतीपर्यंत ती दिसली नाही तर खोड तळाशी पुन्हा एकदा दाबून पाहावे आणि मऊ लागल्यास वाट न पाहता शेंडा कापून लावावा.